तिसरं पाणी

भांडी मी धुते. काचेची, चपट्या तळाची.
आधी आम्ल, मग उकळतं पाणी,
मग गाळलेल्या पाण्यातून काढायची, तीनदा.
बोटाचा ठसा राहिला, तर झोर्नित्सा म्हणते,
ग्रोझ्दांका, मग आपण तुझं बोट मोजत बसू.

मोजणं रात्री.
सोफियाची शेवटची ट्राम डेपोत गेली,
वरच्या मजल्यावरचा पंखा थकून थांबला,
की ती दगडी टेबलाशी बसते श्वास आवरून
आणि पाण्यात एक बुडबुडा सोडते
खसखशीहून लहान.

तो वर येतो, पाण्याच्या पाठीला आतून टेकतो,
डोक्यावर पातळ पडदा धरतो.
पडदा, पाणी, हवा.
दोघं भेटले की पृष्ठभाग होतो, तिने सांगितलं,
त्याचा ताण शाळेतली पोरंही मोजतात.
तिघं भेटले की उरते नुसती रेघ,
आणि रेघेलाही म्हणे ताण असतो,
इतका कमी, की त्याच्यापुढे
पापणीचा एक केस म्हणजे डोंगर.
कुणी म्हणतं, रेघ आखडायला बघते.
कुणी म्हणतं, पसरायला.
किती वर्षं झाली, अजून
अधिक की उणं हेच ठरत नाही.

मला त्यात नवल वाटलं नाही.
आमच्या गावी, बाल्कनच्या उतारावर,
तीन वाटण्यांच्या कोपऱ्यावर एक अक्रोड आहे.
एक वाटणी माझी, एक वेलिकाची,
एक स्तामेनची. स्तामेन गेला,
त्याच्यात आता गवत आणि वारा.
दोघी बहिणींमधला बांध सरळ होता, भांडणही सरळ:
खांब तू सरकवलास. नाही, तू.
अक्रोडापाशी मात्र कुणी काही बोललं नाही
आणि तिथेच सगळं अडलं.
बावीस वर्षं फळं खाली पडतात,
हिरवी सालं काळी होऊन मातीला डाग देतात.
ओढतंय की ढकलतंय,
मलाही सांगता यायचं नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. वितोशा खांद्यापर्यंत बर्फात.
त्या रात्री तिने मला भिंगाला डोळा लावू दिला.
रंगीत वलयं, एकात एक, कांद्याच्या चकतीसारखी,
मधोमध काळा ठिपका.
भोक नाही ते, म्हणाली. तिथे पडदा इतका पातळ
की उजेड परत फिरतच नाही.
हवा पडद्यातून झिरपत होती,
बुडबुडा आटत होता,
रेघ आत, आणखी आत.
मग काहीच नव्हतं. नुसतं पाणी.
माझा डोळा उगाच तिथेच राहिला.

आकडा छान आला. इतका छान कधीच आला नव्हता.
झोर्नित्सा खुर्चीवरून उठली, परत बसली,
थर्मासमधला डोंगरी चहा तिने आधी मला ओतला.

तेव्हा सांगावं लागलं.
संध्याकाळी वेलिकाचा फोन आला होता.
बावीस वर्षांनी विचारलं काय,
तर अक्रोडाची फांदी विजेच्या तारेवर आलीय,
तोडू का?
मी तोड म्हटलं की थांब म्हटलं,
नीट आठवत नाही.
ते भांडं दोनच पाण्यांतून निघालं.
तिसरं राहिलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं.
पेन्सिल घेऊन आकड्यावर काट मारायला गेली
आणि हात तसाच ठेवला.
मग शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, खाली बारीक अक्षरात:
दोन पाणी. फोन.

मी भांडं घेऊन मोरीकडे गेले.
पहिली ट्राम वळणावर कचकचली, टेबल हललं असेल,
कुणी पाहिलं नाही.
तिसरं पाणी ओतलं, उजेडात धरलं.
पाणी काचेवर अखंड पसरलं होतं,
कुठे थेंब नाही, कुठे कड नाही.
म्हणजे स्वच्छ.

वेलिका पाचला उठते.
अजून वीस मिनिटं आहेत.